निर्व्यसनी मावशीचं लिव्हर

मुतखड्याचं दुखणं म्हणून मावशीची सोनोग्राफी केली, खडा निघाला अगदी बारीक, पाणी भरपूर प्या पडून जाईल असं सांगितलं, आणि घरातले सगळे निवांत झाले. कराडच्या घरात दुपारच्या पंगतीला तो रिपोर्ट हातोहात फिरत होता, आमटीला नुकती फोडणी पडलेली, लसणाचा वास स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत आलेला, आणि काकांच्या धाकट्या भावानं चष्मा कपाळावर चढवून शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. ग्रेड टू फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठलेली. मग मान वर करून म्हणाला, "काय वहिनी, कधीपासून बसायला लागलात?" सगळे हसले. वाईट मनानं कोणीच हसलं नाही, तो दीर मावशीला आईसारखं मानतो. पण मावशी हसली नाही. तिनं पिठाचा हात पदराला पुसला, रिपोर्ट त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि आत नेऊन कपाटात साड्यांच्या खाली सरकवला. परत येऊन भाकरी थापायला बसली. तिचा चेहरा मी बघितला होता, आणि तो मला पुढे किती तरी दिवस खुपत राहिला.

आमच्या घरात लिव्हर म्हटलं की मामा आठवतो.

मामा दारूनं गेला. शेवटी शेवटी डोळे हळदीसारखे पिवळे, हातापायाच्या काड्या आणि पोट मात्र पाण्यानं टम्म, ते पाणी सुईनं काढायचे आणि आठवड्यात परत भरायचं. आजी गावात सगळ्यांना कावीळ झाली म्हणून सांगायची आणि गावातले लोक हो हो म्हणायचे, कारण सगळ्यांना माहीतच होतं. मावशी त्याच्या उशाशी बसून असायची. तो गेल्यावर घरात त्याच्या दुखण्याचं नाव कधी निघालं नाही. त्यामुळे त्या दुपारी जे सगळ्यांना चेष्टा वाटलं ते तिला कसं लागलं असेल याचा मी रात्रभर विचार करत होते. झोपायच्या आधी गच्चीवर ती मला एवढंच म्हणाली, "अगं, लोक म्हणतील भावाच्या वळणावर गेली. मी तर आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा भीत भीत घेतलं." तिला आजाराची भीती वाटतच नव्हती, तिला लाज वाटत होती, आणि लाजेपोटी तो कागद साड्यांखाली गेला. माझा राग त्या दिरावर नाही. आपण वर्षानुवर्षं लिव्हरचं दुखणं आणि बाटली यांची जी गाठ मारून ठेवलीय, ती असल्या निर्व्यसनी बायकांना फार महागात पडते, हे मला आता पक्कं वाटतं.

दुसऱ्या बाजूला डॉक्टर. एका डॉक्टरांनी तो रिपोर्ट बघून सांगितलं, हल्ली सगळ्यांनाच असतं हो, तेलकट-तुपकट कमी करा. झालं. मावशी आज्ञाधारक, तिनं तूप बंद केलं, फोडणीला तेल थेंब मोजून घालायला लागली, बिचाऱ्या शेंगदाण्याच्या चटणीलाही घरातून हद्दपार केलं. आणि चहा? चहा होताच. सकाळी उठल्यावर, काका चालून आले की त्यांच्याबरोबर, अकराला शेजारीण आली की तिच्याबरोबर, दुपारी उठल्यावर, आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, सोबत ग्लुकोजची बिस्किटं. गुरुवार, संकष्टी, दोन एकादश्या, श्रावणात सोमवार, म्हणजे महिन्यातले किती तरी दिवस साबुदाण्याची खिचडी नाही तर वरी, बटाटा, रताळं. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्यात उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तिच्याच पोटात जायचा, पिढ्यानपिढ्या आपल्याकडे उरलेलं अन्न बाईच्याच पोटात जातं त्याप्रमाणे. तेल तर कुठेच नव्हतं. तरीही लिव्हरमध्ये चरबी साठत होती, कारण लिव्हर स्वतः चरबी बनवतं. खाल्लेली साखर आणि पिष्ट आधी ग्लायकोजेन म्हणून साठवायचं, आणि लिव्हरमध्ये ती जागा असते जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास. ती भरली आणि वापरलीही गेली नाही, की जास्तीचं चरबीत बदलायला लागतं. त्यात साध्या साखरेतला जो फ्रुक्टोजचा अर्धा भाग असतो तो तर बहुतेक सगळा लिव्हरच्याच माथी येतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. हे कोणी तिला सांगितलं नाही. "तेलकट कमी करा" हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, पण अशा घरात ते माणसाला चुकीच्या डब्याकडे बोट दाखवतं.

मग दोनेक वर्षांनी शुगर निघाली. तसा तिला काही त्रास नव्हता, थकवा होता, पण थकवा कुठल्या बाईला नसतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर, १६८ आलं, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ७.९. मावशीनं मला फोन केला आणि तिचा सूर रडवेला होता, पण त्याहून जास्त त्यात गोंधळ होता. "रात्री मी अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली गं, त्यावर पाणीसुद्धा घेतलं नाही. मग सकाळी रक्तात साखर आली कुठून?"

हा प्रश्न मला फार आवडला, आणि खरं सांगायचं तर सगळं दुखणं याच प्रश्नात आहे. क्लोद बर्नार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं हाच प्रश्न १८४० च्या दशकात विचारला होता, साखर न खाऊ घातलेल्या प्राण्याच्या लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडते ती कुठून, आणि त्यानं दाखवून दिलं की लिव्हर साखर साठवतं आणि बनवतंसुद्धा. मावशीला मी आजीच्या कोठीची आठवण दिली. कोठीची किल्ली आजीच्या कमरेला असायची, दिवसा आलेलं धान्य ती आत ठेवायची आणि रोज लागेल तेवढंच मापून बाहेर काढायची. लिव्हर तसं, आपण झोपलो की मेंदूसाठी साखर मापून बाहेर देत राहतं, ताशी साधारण पाच-सहा ग्रॅम. आता पुरे, माप थांबव, हे सांगायचं काम इन्शुलिनचं. स्वादुपिंडातून निघालेलं इन्शुलिन बाकी शरीराकडे जायच्या आधी थेट लिव्हरकडेच जातं. पण लिव्हरच्या पेशीत चरबी भरली की त्यांना हे सांगणं ऐकू येईनासं होतं, रात्रभर माप चालूच राहतं, आणि अर्धी भाकरी खाऊन झोपलेल्या माणसाचं फास्टिंग सकाळी १६८ निघतं. मावशी पलीकडून थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी चोरून काही खाल्लं नव्हतं हे आता पटलं का तुझ्या काकांना?" तर घरात हेही चाललं होतं.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की बहिरेपण अर्धवट असतं. साखर सोडणं थांबव, हे लिव्हर ऐकत नाही, पण चरबी बनव, हा इन्शुलिनचा दुसरा हुकूम मात्र ऐकत राहतं. स्वादुपिंड बिचारं अजून जोरात इन्शुलिन सोडतं, त्यानं चरबी अजून वाढते, ती चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपानं रक्तात येते, आणि इंग्लंडमधल्या न्यूकासल विद्यापीठाच्या प्रा. रॉय टेलर यांची मांडणी अशी की तीच स्वादुपिंडातही जाऊन बसते आणि इन्शुलिन करणाऱ्या पेशींना मंद करते. म्हणून आधी कोण, फॅटी लिव्हर की शुगर, असा वाद घालून फार उपयोग नाही, दोघं एकमेकांना वाढवतात. फॅटी लिव्हर असलेल्या माणसाला पुढे टाइप टू डायबेटिस व्हायची शक्यता साधारण दुप्पट, आणि डायबेटिस असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना फॅटी लिव्हर असतंच, वर शुगर असली की लिव्हरमध्ये वण धरायचा वेगही वाढतो. मावशीच्या बाबतीत सोनोग्राफीतली ती ओळ म्हणजे दोन वर्षं आधी मिळालेली सूचना होती. आपल्याकडे शुगर निघाली की डोळ्याचा पडदा तपासा, लघवीतलं प्रोटीन बघा, पायाला जखम होऊ देऊ नका, हे आता खेड्यातल्या माणसालाही पाठ आहे. लिव्हर बघा असं कोण म्हणतं? आणि उलटं, फॅटी लिव्हर निघालं तर शुगर तपासत राहा असं तरी कोण म्हणतं? केंद्र सरकारनं २०२१ च्या फेब्रुवारीत फॅटी लिव्हर हे डायबेटिस-बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, २०२३ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी आजाराचं इंग्रजी नाव बदलून त्यातला दारूचा उल्लेखच काढून टाकला, हे सगळं चांगलंच झालं, पण मावशीच्या कपाटापर्यंत ते पोचायला वेळ लागणार.

आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, अहो पण ती जाड कुठेय?

मावशी एक्कावन्न किलोची. दंड बारीक, मनगटात बांगड्या सैल, फक्त निऱ्यांच्या वर पोट थोडं सुटलेलं, जे साडीत दिसतच नाही. या बाबतीत जगाला शहाणं करणारं काम आपल्या पुण्यातच झालंय याचा मला अभिमान वाटतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच सांगत होता. त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या टीमनं गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला होता, त्यात जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपलं बाळ सगळीकडून कमी, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र त्या मानानं राखून ठेवलेली. ज्या आया गरोदरपणात पालेभाजी, दूध, फळं जास्त वेळा खायच्या त्यांची बाळं मोठी होती, हेही त्याच गावांनी दाखवलं.

मी हे वाचलं तेव्हा मला माझी आजीच दिसायला लागली. मावशीचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला, माण तालुक्यातला. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, गुरं छावणीला, आणि आजी सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत दुष्काळी कामावर खडी फोडत होती. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी, जिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, थापताना हातातच तुटायची म्हणायची. पालेभाजी कुठली आणि दूध कुठलं. मावशी जन्मली तेव्हा "सुपात घातली तर दिसायची नाही एवढी" असं आजी कौतुकानं सांगायची, आम्ही मुलं त्यावर खिदळायचो. एका माणसाबद्दल असं बोट ठेवून सांगता येत नाही की बघा, त्या दुष्काळानंच तिला शुगर दिली, मध्ये पन्नास वर्षं गेली आणि त्या पन्नास वर्षांत साखरेचा चहाही होता. पण मला ती खडी फोडणारी पोटुशी बाई आणि हा रिपोर्ट एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. पोटातच ज्याचे स्नायू कमी पडले, त्याच्या साखरेला जायला जागा कमी, कारण जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त स्नायू उचलतात. मग ती लिव्हरकडे वळते. भुकेतून आलेल्या माणसांना सुबत्तेचे रोग का होतात म्हणून लोक आश्चर्य करतात, मला त्यात आता आश्चर्य वाटत नाही, वाईट वाटतं.

असो. शुगर निघाल्यावर साड्यांखालचा रिपोर्ट बाहेर आला. मी तिला पुण्याला घेऊन आले आणि जुन्या रक्ताच्या रिपोर्टांवरून आम्ही फिब-फोर काढला, लिव्हरमध्ये वण किती धरले असतील याचा अंदाज देणारा आकडा. हा आकडा काढायला वेगळी तपासणीच लागत नाही, वय गुणिले एसजीओटी (हा आणि एसजीपीटी हे लिव्हरच्या रक्ततपासणीतले आकडे), त्याला भागायचं प्लेटलेटनं, हजारात धरून, आणि एसजीपीटीच्या वर्गमूळानं. मावशीचं वय ५३, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६०, प्लेटलेट २ लाख १० हजार, उत्तर आलं १.५६. १.३ च्या खाली असतं तर बहुधा काळजी नव्हती, २.६७ च्या वर असतं तर लगेच पोटाच्या तज्ज्ञांकडे धावायचं होतं, मधलं आलं म्हणून फायब्रोस्कॅन. ते मशीन सोनोग्राफीसारखंच, बरगड्यांच्या मधे टिचक्या मारल्यासारखं होतं, त्यातून लिव्हर किती कडक झालंय ते कळतं. मावशी आत टेबलावर उजवा हात डोक्याखाली घेऊन पडली होती आणि प्रत्येक टिचकीला डोळे मिटत होती. तिच्या डोळ्यांसमोर त्या वेळी मामाच असणार. आकडा ६.८ आला, म्हणजे चरबी आहे पण लिव्हर कडक झालेलं नाही, मागे फिरता येईल. बाहेर येऊन तिनं पहिल्यांदा विचारलं ते, "म्हणजे पोटात पाणी होणार नाही ना?" मी नाही म्हटल्यावर ती तिथल्या खुर्चीवर बसून मोकळेपणी रडली, आणि मीही.

मागे फिरता येतं हे मात्र मोठ्यानं सांगायला हवं. टेलर यांच्याच २०११ च्या अभ्यासात ११ जणांनी आठ आठवडे दिवसाला फक्त ६०० कॅलरी घेतल्या, आणि पहिल्या सातच दिवसांत फास्टिंग शुगर नॉर्मलला आली, लिव्हरमधली चरबी त्याच आठवड्यात ३० टक्के उतरली. लिव्हर सगळ्यात आधी ऐकतं. हा प्रकार कोणी घरी एकट्यानं करू नये, शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर साखर धाडकन खाली येते. पुढे त्यांनी बारीक माणसांवरही, बीएमआय २७ च्या खालच्या, हे करून बघितलं, २० पैकी १४ जणांचा डायबेटिस माघारी गेला. मावशीनं इतकं कडक काही केलं नाही, तिच्या वजनाच्या पाच टक्के म्हणजे अडीच किलो, एवढं गेलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, आणि सात ते दहा टक्के गेलं तर आतली सूजही उतरायला लागते, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिनं अडीच किलो मनावर घेतलं. चहातली साखर गेली. शेंगदाण्याची चटणी परत आली. उपवास सोडणार नाही म्हणाली, मी पण सोड म्हटलं नाही, देवाशी तिचं जे आहे त्यात मी कोण, पण खिचडीच्या जागी आता ताक, थोडे दाणे, काकडी, एखादं फळ. गोळ्या चालू असताना उपवास कसा करायचा तेही डॉक्टरांना विचारून घेतलं. रोजच्याला ज्वारीची भाकरी एक, उसळ वाटीभर जास्त, आणि उरलेला भात सकाळी कावळ्या-चिमण्यांना.

अवघड गेलं ते दुसरंच. चालायला बाहेर पडायचं तर "एवढ्या घाईनं कुठं निघालात" हे चार जणांना सांगत जायचं, साडीखाली बूट घातले तर पोरं बघतात, आणि तीन किलो उतरल्यावर प्रत्येक लग्नात कोणीतरी हमखास म्हणणार, अगं बाई किती वाळलीस, घरात काही टेन्शन आहे का. बाई बारीक झाली की आपल्याकडे लोकांना दुःखच दिसतं. मावशी त्यानं खचायची. एकदा तर चिडून आठवडाभर चालायला गेली नाही आणि दुपारी जाऊन बालूशाही खाऊन आली, मला फोनवर आपणहून सांगितलं, आणि मला तिच्यावर रागावताच आलं नाही. दुष्काळात जन्मलेल्या माणसाला ताटातलं कमी कर म्हणणं सोपं नाहीये. मग आम्ही कमी करण्यापेक्षा बळ वाढवण्याकडे वळलो, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायच्या, स्नायू वाढला की साखरेला घर मिळतं. हे तिला आवडलं. आता एचबीएवनसी ६.४ आहे, एक गोळी चालू आहे, एसजीपीटी ३४. आणि त्या दिराचीही फास्टिंग तिनं स्वतः नेऊन करून आणली, ११८ निघाली, पोट त्याचं मावशीपेक्षा कितीतरी पुढे. त्यानंतर त्यानं चेष्टा केलेली नाही, उलट संध्याकाळी दोघं मिळून कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जातात.

गेल्या महिन्यात मावशीच्या घरी भिशी होती. तिनं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की येताना जुन्या सोनोग्राफीचे कागद घेऊन या, कुठल्याही कारणानं काढलेली असू दे, पिशवीची, खड्याची, पित्ताची. आणि बायका घेऊन आल्या. कोणाच्या फाइलीत, कोणाच्या गादीखाली, एकीचा तर देवघराच्या खणात होता. बऱ्याच जणींच्या कागदावर ती ओळ होती, ग्रेड वन, ग्रेड टू, आणि सगळ्या दारूच्या वासालाही न गेलेल्या. मावशीनं नातवाला मोबाईलवर गणित करायला बसवलं, ज्यांची शुगर वर्षभरात तपासली नव्हती त्यांची नावं वेगळी लिहिली. शेजारच्या एका काकूंना शुगर बारा वर्षांपासून आहे, त्यांच्या रिपोर्टात प्लेटलेट १ लाख १० हजार होते आणि आकडा तीनच्या वर गेला. काकू म्हणाल्या दिवाळी झाली की बघू. मावशी नाही म्हणाली. सोमवारची वेळ घेतलीय, सकाळच्या एसटीनं दोघी पुण्याला येतायत, मी स्वारगेटला घ्यायला जाणार आहे.